शिळे काय झाले, ताजे काय राहिले : जुन्या मराठी नाटकांच्या पुनरुज्जीवनाचा आढावा

वृत्तपत्रांतील नाटकांच्या जाहिरातींचे पान ज्याने गेली पंधरा-वीस वर्षे नेमाने चाळले आहे, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहिली नसेल, की नव्या नाटकांच्या चौकटींशेजारी एखाद्या जुन्या, कधी बापाच्या तर कधी पणजोबांच्या पिढीतील नाटकाचे नाव नव्या नटसंचासह छापलेले आढळत नाही असा हंगाम आता क्वचितच जातो. आणि असे नाव छापून आले की त्याच्या मागोमाग तो ठरावीक वादही उपस्थित होतो. एका पक्षाच्या मते अभिजात कृतीला काळाची बाधा होत नाही, आणि झालीच तर तो दोष प्रेक्षकांच्या खालावलेल्या अभिरुचीचा. दुसऱ्या पक्षाच्या मते गतप्राण संहितेला रंग फासून उभे करणे ही स्मरणरंजनाची दुकानदारी होय, आणि तिच्यापायी हयात नाटककाराच्या वाट्याच्या तारखा व प्रेक्षक दोन्ही हिरावले जातात. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु दोघेही एक गोष्ट गृहीत धरून बोलतात, ती ही की नाटक ही एकजिनसी वस्तू असून ती एक तर समग्र टिकते किंवा समग्र नासते. रंगभूमीचा दाखला मात्र निराळा आहे. ज्या नाटकांचे पुन्हा पुन्हा प्रयोग झाले त्यांची एकेक करून तपासणी केली असता मला असे दिसते, की ज्या गुणासाठी एखादे नाटक पहिल्या रात्री डोक्यावर घेतले गेले, तोच गुण बहुधा सर्वांत आधी शिळा होतो, आणि ज्याकडे खुद्द लेखकाने व त्याच्या प्रेक्षकांनी विरंगुळा किंवा जोडकाम म्हणून पाहिले त्यातच पुष्कळदा जीव शिल्लक राहतो. ह्या विधानाला एक मोठा अपवाद आहे, तो गाण्याचा. त्याचा विचार यथावकाश करू.

प्रथम पुनरुज्जीवन ही कल्पनाच आपल्याकडे किती अर्वाचीन आहे हे पाहणे अवश्य आहे. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग केला, आणि १८८० च्या ३१ ऑक्टोबरला पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले; तेथपासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षे नाटक कंपनी हीच ह्या कलेची मूळ संस्था होती. कंपनीचे बिऱ्हाड गावोगाव फिरे, तिच्या संग्रही अनेक नाटके कायमची बसलेली असत, नट वयपरत्वे एका भूमिकेतून दुसरीत सरके, चाली आणि हालचाली मुखोद्गत परंपरेने खाली उतरत, आणि 'सौभद्र' आज आहे, उद्या 'मृच्छकटिक', परवा पुन्हा 'सौभद्र', असा क्रम चाले. जे थांबलेलेच नाही त्याचे पुनरुज्जीवन कोण करणार? पॅरिसची कोमेदी-फ्रान्सेज ही संस्था १६८० पासून मोलिएरची नाटके ह्याच रीतीने, सरकारी आश्रयाने, करीत आली आहे, आणि म्हणून तेथे मोलिएर 'परत आला' अशी जाहिरात करण्याचा प्रसंग येत नाही. आपल्याकडे १९३१ साली 'आलम आरा' बोलू लागली, पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा'ने मराठीतही वाचा उघडली, आणि थोड्याच वर्षांत बहुतेक कंपन्यांनी पडदे गुंडाळले; नाटकगृहांची चित्रपटगृहे झाली. तेव्हा जी साखळी तुटली ती पुन्हा कोणी सांधली नाही. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरासारख्या संस्था, जयराम व जयमाला शिलेदारांनी १९४९ मध्ये काढलेली 'मराठी रंगभूमी' आणि त्यांच्यामागून कीर्ती शिलेदार ह्यांनी संगीत नाटकाचे व्रत अखंड चालविले हे खरे, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण तो काही मोजक्या घराण्यांचा आणि संस्थांचा निग्रह होता, व्यवस्था नव्हती. व्यवस्थेच्या अभावी प्रत्येक जुने नाटक आज एका खाजगी निर्मात्याला नव्याने भांडवल घालून, हक्क मिळवून, चाली शोधून, तालमी घेऊन शून्यातून उभे करावे लागते. जुने नाटक 'चालत नाही' असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा पुष्कळ वेळा नाटक पडलेले नसते, हिशेब पडलेला असतो.

काळाचा पहिला आघात आशयावर होतो असे समजले जाते. वस्तुतः तो घड्याळावर होतो. मूळच्या 'शाकुंतला'त पदांची संख्या दोनशेच्या आसपास होती; रात्री नांदी झाली की भरतवाक्याला उत्तररात्र उलटे, आणि मधल्या वेळात 'वन्समोअर'च्या गजरावर एकच पद दोनदा, तीनदा म्हटले जाई. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले ह्यांनी 'संयुक्त मानापमान' केले, त्या रात्री धैर्यधर आणि भामिनी ह्यांचे पुढे काय होते हे कळावे म्हणून कोणी आले होते असे मानणे हा वेडगळपणा होईल. दोन कंपन्यांचे मालक, दोन निरनिराळ्या गळ्यांचे धनी एका मंचावर उभे राहणार आणि आपण त्याचे साक्षी होणार, हा त्या रात्रीचा खरा विषय होता. तो विषय १९२१ मध्येच संपला. आजचे नाट्यगृह सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांनी बांधलेले आहे; मध्यंतरासह तीन तासांच्या आत पडदा पडला नाही तर पुढच्या प्रयोगाचे नेपथ्य दाराशी खोळंबते. म्हणजे पुनरुज्जीवन करणाऱ्याच्या हाती सर्वप्रथम येते ती संहिता नव्हे, कात्री. आणि ती कोठे चालवावी ह्यावर त्याचे सारे यशापयश अवलंबून असते.

'सौभद्रा'च्या बाबतीत ह्या कात्रीने आजवर फारसे रक्त काढलेले नाही. १८८२ सालच्या ह्या नाटकाला सांगण्यासारखी समस्याच नाही, म्हणून तिची मुदत संपण्याचाही प्रश्न उद्भवत नाही. द्वारकेचे यादव त्यात दख्खनेतल्या एखाद्या सुखवस्तू एकत्र कुटुंबासारखे वागतात. थोरल्या भावाने बहिणीचे लग्न एकीकडे ठरवले आहे, धाकट्याच्या मनात दुसराच जावई आहे, आणि तो कोणाशीही उघड भांडण न करता सगळ्यांकडून आपल्याला हवे तेच करवून घेतो. किर्लोस्करांनी कृष्णाला देव म्हणून मंचावर आणले खरे, पण लिहिता लिहिता तो घरातला सर्वांत गोड बोलणारा आणि सर्वांत बेरकी माणूस झाला, आणि असा एक इसम अद्यापि प्रत्येक घरात असतो. देवलांचे 'संशयकल्लोळ' ह्याच कारणाने टिकले. मोलिएरच्या प्रहसनाचा इंग्रजी अवतार देवलांच्या हाती आला, त्यांनी तो फाल्गुनराव आणि कृत्तिका ह्या नवराबायकोच्या घरात असा मुरवला की मूळ परके आहे ह्याची कोणाला आठवण उरली नाही. निपुण धर्माधिकारी ह्यांच्या दिग्दर्शनाखाली प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे ह्यांनी हे नाटक पुन्हा आणले तेव्हा ज्यांनी देवलांचे नावही ऐकले नव्हते अशी मुले फाल्गुनरावाच्या शंकेखोरपणाला खदखदून हसली. मत्सराला काळ नाही.

खरा प्रश्न येतो तो हेतू धरून लिहिलेल्या नाटकांचा, आणि त्यांत 'शारदा' अग्रभागी आहे. १८९९ मध्ये देवलांनी जरठ-कुमारी विवाहाच्या रूढीवर हे नाटक लिहिले, त्याने महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाचे अंतःकरण हलवले, आणि लोकमत तयार करण्याच्या कामी एखाद्या नाटकाने किती मजल मारावी ह्याचे उदाहरण म्हणून त्याचे नाव अजून घेतले जाते. पुढे १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला, आणि आज शहरी प्रेक्षकाला भुजंगनाथासारखा म्हातारा नवरदेव म्हणजे केवळ हास्याचा विषय वाटतो. म्हणजे सुधारणेचा हेतू सफल झाला आणि त्याबरोबर नाटकाचे प्रयोजन निकालात निघाले, असा हिशेब सरळ मांडता येईल. त्यात भर अशी, की आजच्या प्रेक्षकाला नाटकाचा उलगडाही चमत्कारिक वाटतो. शारदेचे लग्न मोडते ते म्हाताऱ्याच्या वयामुळे किंवा मुलीच्या नकारामुळे नव्हे, तर वधूवर सगोत्र असल्याचे निघते म्हणून. अन्याय शास्त्राने केला, आणि तो दूरही शास्त्राच्याच एका कलमाने झाला! देवलांचा धूर्तपणा ह्यात दिसतो. ज्या प्रेक्षकाला पटवायचे त्याच्याच दफ्तरातला कागद त्यांनी त्याच्यापुढे ठेवला. पण आज तो कागद बाद आहे.

आणि तरीही 'शारदा' चांगली बसवली तर दोन व्यक्ती मंचावर आल्याबरोबर प्रेक्षागृह सावध होते. एक भद्रेश्वर दीक्षित आणि दुसरा कांचनभट. दीक्षित हा दलाल. त्याला ना म्हाताऱ्याविषयी प्रेम, ना मुलीविषयी द्वेष. दोन्हीकडची दलाली आपल्या पदरात पडावी एवढाच त्याचा धर्म, आणि तो धर्म तो इतक्या मनमोकळेपणाने आचरतो की त्याचा राग येण्याऐवजी त्याची ओळख पटते. कांचनभटाचे तर काय सांगावे! मुलीच्या कल्याणाची भाषा बोलत बोलत तिचा दर ठरवणारा बाप १८९९ मध्ये खलपुरुष होता; आता तो आपल्या शेजारचा एखादा सभ्य गृहस्थ असावा असा वाटतो, ज्याने जावयाचे पॅकेज, परदेशातले वास्तव्य आणि सदनिकेचे चटईक्षेत्र विचारून झाल्यावर मुलीला विचारले. देवलांनी ह्या दोघांना शारदेच्या करुणेची पार्श्वभूमी म्हणून रंगवले होते. पार्श्वभूमी उरली, करुणा मात्र पाठ्यपुस्तकात गेली.

'एकच प्याला' हे ह्या बाबतीतले सर्वांत बोधक उदाहरण, आणि म्हणून त्यावर थोडे रेंगाळण्याची मुभा मी घेतो. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले आणि फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेला नट ठिगळाच्या लुगड्यात दळायला बसला, आणि महाराष्ट्र रडला. त्या अश्रूंचा विषय सिंधूचे पातिव्रत्य हा होता, मद्यपान हे त्याचे निमित्त. मरणोन्मुख सिंधू फौजदारापुढे नवऱ्याचे नाव घेत नाही, आपण पडलो म्हणून लागले असा जबाब देते, हा त्या नाटकाचा परमोच्च बिंदू मानला जाई. आज नेमक्या ह्याच ठिकाणी प्रेक्षागृह अस्वस्थ होते, आणि ती अस्वस्थता करुणेची नसते. घरातल्या मारहाणीची फिर्याद न देणारी बाई आपल्याला माहीत आहे, ती आपल्या गल्लीत आहे. तिचे स्तोत्र गावे असे आता कोणाला वाटत नाही, आणि तसे वाटू नये हेच बरे. सिंधूची भूमिका करणाऱ्या नटीची मोठी पंचाईत होते. सगळी वाक्ये निष्ठेने म्हणावीत तर पुढच्या रांगेतल्या मुली चुळबुळतात. उपरोधाने म्हणावीत तर गडकऱ्यांची भाषा उपरोध सोसत नाही, कारण ती अलंकारांनी इतकी काठोकाठ भरलेली आहे की तिच्यात दुसरा सूर शिरायला फट नाही.

मग ह्या नाटकात उरले काय? माझ्या मते तीन गोष्टी. सुधाकराच्या अधःपाताचा आरंभ हा पहिला ऐवज. हा बुद्धिमान वकील दारूच्या मोहाने प्यालेला नाही. मुन्सफाशी झालेल्या खटक्यात त्याची सनद काही मुदतीकरिता तहकूब झाली, तो अपमान त्याच्या मानी स्वभावाला सोसवेना, आणि ते शल्य विसरावे म्हणून त्याने पहिला प्याला हाती घेतला. नोकरी गेलेल्या, पदोन्नती हुकलेल्या, कनिष्ठांदेखत बोलणी खाल्लेल्या माणसाला हा प्रवेश समजावून सांगावा लागत नाही. दुसरा ऐवज तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ. ठराव, सूचना, अनुमोदन, अध्यक्षीय समारोप अशा साऱ्या इतमामाने चालणारी ती पिणाऱ्यांची सभा पाहताना एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला बसल्याचा भास होतो, आणि गडकरी हे मुळात शोकान्तिकेचे नव्हेत, विडंबनाचे लेखक होते की काय असा संशय येतो. आणि तिसरी गीता. तळीरामाची ही बायको मूळ योजनेत सिंधूचा नेमका विरुद्ध नमुना, म्हणून हास्यासाठी घातलेली; ती नवऱ्याचे मुकाट्याने सोसत नाही, जशास तसे उत्तर देते, आणि १९१९ च्या प्रेक्षकाने तिला हसून सिंधूला हात जोडले. आज टाळी गीतेला पडते. नाटककाराने जिला उतारा म्हणून लिहिली ती नायिका झाली, आणि नायिका पुराव्याच्या पातळीवर उतरली. एकाच संहितेत, एक अक्षर न बदलता, शंभर वर्षांनी असा पालट व्हावा ही गोष्ट मला पुनरुज्जीवनाच्या बाजूने असलेला सर्वांत बळकट पुरावा वाटते.

दुर्दैव असे की वेळेच्या अडचणीपायी कात्री चालवण्याचा प्रसंग आला म्हणजे ती प्रथम उपकथानकावर पडण्याचा संभव असतो. दिग्दर्शक म्हणतो, लोक सिंधू-सुधाकर पाहायला आले आहेत, गीतेचे प्रवेश गाळा. शारदेसाठी आले आहेत, दीक्षिताचे चऱ्हाट आवरा. लौकिकाच्या आधाराने केलेले असे संपादन जिवंत भाग कापते आणि मृत भाग मखरात बसवते. मग प्रयोग पाहून आलेला तरुण म्हणतो की जुनी नाटके रडकी आणि संथ असतात. आणि त्याने जे पाहिले त्यावरून त्याचे म्हणणे खोटे नसते.

काही नाटकांत मात्र उरलेले असे काही सापडत नाही. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० मध्ये सरकारने बंदी घातली, कारण कीचकात कर्झनसाहेब आणि द्रौपदीत पराधीन देश हे प्रेक्षकाला न सांगता कळत होते. रूपकाची चावी ज्यांच्या खिशात होती ती पिढी गेली. आता राहिली आहे ती महाभारतातली एक ठाऊक असलेली गोष्ट. तिचे स्थान इतिहासात मोठे आहे, आणि तेथेच असावे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक निराळाच प्रकार उद्भवला, तो नटाच्या मालकीच्या नाटकांचा. अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' १९६२ मध्ये आले आणि प्रभाकर पणशीकरांनी फिरत्या रंगमंचावर लखोबा लोखंडे, राधेश्याम महाराज आणि त्या एकाच भामट्याचे इतर अवतार हजारो प्रयोगांतून दाखवले. वेषांतराची ती चपळाई आणि मंचाचे ते गरगर फिरणे हा त्या काळी चमत्कार होता. चित्रपटाने आणि दूरदर्शनने चमत्काराचे मोल शून्यावर आणले आहे. उरले आहे ते न्यायालय: साक्षीमागून साक्ष येते आणि पिंजऱ्यातला आरोपी शांतपणे आपली ओळख नाकारतो, ही रचना अजून घट्ट आहे, आणि फसवल्या गेलेल्या बायकांच्या जबान्या ऐकताना आजचा प्रेक्षक पूर्वीपेक्षा कमी हसतो असे मला वाटते. 'नटसम्राटा'ची गोष्ट वेगळी. १९७० च्या डिसेंबरात श्रीराम लागूंनी बेलवलकर उभा केला, आणि त्यांच्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा नटांनी तो अंगावर घेतला; येथे नाटक नटाची परीक्षा घेते, आणि परीक्षा म्हणून ते कायम राहील. परंतु शिरवाडकरांनी मुलांची आणि सुनेची बाजू इतकी तुटपुंजी लिहिली आहे, की लहान घरात वृद्धांना सांभाळण्याची कसरत ज्याने स्वतः केली आहे असा प्रेक्षक आता मनातल्या मनात त्यांचे वकीलपत्र घेतो. 'अश्रूंची झाली फुले'चा योग तर मौजेचा आहे. कानेटकरांचे हे १९६६ चे नाटक काशिनाथ घाणेकरांच्या लाल्यामुळे गाजले. २०१८ मध्ये घाणेकरांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला, त्यात सुबोध भावे घाणेकर झाले, आणि लगेच पुढच्या वर्षी तेच भावे मंचावर लाल्या म्हणून आले. लोक एका नटाची भूमिका केलेल्या नटाला त्या नटाची भूमिका करताना पाहायला गेले. ह्याला नाटकाचे पुनरुज्जीवन म्हणावे की एका दंतकथेचे, हे ज्याने त्याने ठरवावे. तिकीटखिडकी असले सूक्ष्म भेद करीत नाही.

आता अपवादाकडे वळतो. 'कट्यार काळजात घुसली' हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक १९६७ च्या डिसेंबरात आले ते गाण्यामुळे, चालले ते गाण्यामुळे, आणि २०१० च्या सुमारास सुबोध भावे, राहुल देशपांडे व महेश काळे ह्यांनी ते पुन्हा केले तेव्हाही लोकांनी ते गाण्यामुळेच उचलले. वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांच्या जागी त्यांचा नातू उभा होता ह्याचे आकर्षण होतेच. परंतु नुसत्या रक्ताच्या नात्यावर तीन तास निघत नाहीत. २०१५ च्या चित्रपटाने तर जितेंद्र अभिषेकींच्या चाली अशा मुलांपर्यंत नेल्या ज्यांनी नाट्यगृहाची पायरी चढलेली नव्हती. माझे विधान येथे लागू पडत नाही हे मान्य केले पाहिजे. त्याचे कारण मला असे दिसते, की मतांना आणि रीतिरिवाजांना वय असते, रागाला नसते. सिंधूचे पातिव्रत्य ज्या वेगाने जुने झाले त्या वेगाने भीमपलास जुना होत नाही. तथापि ह्या अपवादालाही एक अट आहे. 'कट्यारी'त गाणे हा कथेचाच विषय आहे. घराण्याचे वैर, गळ्याची विद्या, चोरून शिकणे, ह्यांतून गाणे काढले तर नाटकच उरत नाही. ज्या संगीत नाटकांत पद हे संवादाच्या मध्ये केवळ थांबा म्हणून येते, त्यांचे संगीत मैफलीत गेले आणि तेथे सुखी आहे. त्याला परत नाटकात आणण्याचा अट्टाहास कशासाठी? शिवाय गाऊ शकणारा नट आणि बोलू शकणारा गवई ही जात दुर्मिळ झाली आहे, आणि ऑर्गनवर साथ करणारा जाणता वादक त्याहून दुर्मिळ. गोव्यात देवळांच्या उत्सवांतून गावोगावची हौशी मंडळी अद्याप रात्री जागवून संगीत नाटके करतात. तेथे ही विद्या घरोघर झिरपत राहिली, आणि मुंबई-पुण्याच्या निर्मात्यांनी गायक-नटाच्या शोधात तिकडे वरचेवर जावे असे मी सुचवीन.

ह्या सगळ्या धडपडीत एक व्यवहारी प्रयोग विशेष उल्लेखनीय वाटतो. सुनील बर्वे ह्यांनी २०१० पासून 'हर्बेरियम' ह्या नावाखाली जुनी नाटके मोजून पंचवीस प्रयोगांपुरती करण्याचा बेत आखला. त्यात कानेटकरांचे 'सूर्याची पिल्ले' होते, अनिल बर्व्यांचे 'हमिदाबाईची कोठी' होते, बबन प्रभूंचे 'झोपी गेलेला जागा झाला' होते. मुदत आधीच जाहीर असल्याने नामांकित नटांना तारखा देता आल्या, प्रेक्षकाला टाळंटाळ करण्याची सोय राहिली नाही, आणि जुने नाटक वर्षानुवर्षे ओढत नेऊन त्याचा दम काढण्याचा प्रसंग टळला. हीच मंडळी असे प्रयोग दरसाल नियमाने करू लागली असती तर कंपन्यांच्या काळातील साखळी काही अंशी सांधली गेली असती. पण व्यवस्था व्यक्तीच्या उत्साहावर चालत नाही, तिला संस्था लागते आणि संस्थेला पैसा. २०१८ मध्ये रत्नाकर मतकरींचे १९७४ चे 'आरण्यक' पुन्हा आले तेव्हा वेगळेच काही घडले. भारतीय युद्धानंतर वनात गेलेल्या धृतराष्ट्र, गांधारी, कुंती, विदुर ह्यांचे ते नाटक. रवी पटवर्धनांनी ऐन उमेदीत केलेला धृतराष्ट्र आणि दिलीप प्रभावळकरांनी तरुणपणी केलेला विदुर, दोघांनीही आता खऱ्याखुऱ्या वार्धक्यात पुन्हा केला. पूर्वी रंगभूषेने आणलेला थकवा ह्या वेळी आणावा लागला नाही. मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'तल्या चेटकिणीचे मात्र काही विचारू नये: प्रभावळकरांनंतर वैभव मांगले तिच्या वेषात आले, मुले पूर्वीइतकीच किंचाळली, आणि बालनाट्याला जुनेपणा नसतो हे सिद्ध झाले, कारण त्याचा प्रेक्षक दर दहा वर्षांनी नवा जन्मतो.

शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकापेक्षा तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे नाटक अधिक जुनाट दिसते, हा अनुभव चमत्कारिक खरा, पण त्याला कारण आहे. 'सौभद्रा'तला अंगरखा पोशाख म्हणून शोभतो. १९९० सालचा सोफा आणि भिंतीवरचे घड्याळ नुसते मागे पडलेले वाटतात, कारण ती घरे आपण नुकतीच सोडली आहेत. प्रशांत दळवींचे 'चारचौघी' १९९१ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी बसवले, आणि २०२२ मध्ये त्यांनीच ते नव्या संचात केले. थोरल्या मुलीचा टेलिफोनवरचा तो प्रदीर्घ प्रवेश पूर्वी वंदना गुप्ते करीत, आता मुक्ता बर्वे. एका विवाहित पुरुषाशी नाते जोडून तीन मुली वाढवणारी आई आणि दोन तरुणांबरोबर राहू इच्छिणारी धाकटी मुलगी ह्यांनी १९९१ मध्ये जो धक्का दिला, तो आता बसत नाही. निर्मात्यांनी काळ मूळचाच ठेवला, दूरध्वनीची वायर तशीच राहू दिली, आणि धक्क्याखाली दडलेला युक्तिवाद उघडा पडला. मुली आईशी आणि एकमेकींशी ज्या तपशिलाने भांडतात तो तपशील ह्या वेळी ऐकू आला, आणि मला तरी दुसऱ्या खेपेचे नाटक पहिल्याहून सखोल वाटले. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'चेही तेच. १९७२ मध्ये परिनिरीक्षण मंडळाच्या काटछाटीविरुद्ध कमलाकर सारंग उच्च न्यायालयापर्यंत गेले; आता त्या गदारोळाचे कारण शोधावे लागते, पण लग्नाचा करार नाकारून स्वतःच्या अटींचा करार बाईवर लादणारा आणि त्यालाच प्रामाणिकपणा समजणारा सखाराम पूर्वीहून ओळखीचा झाला आहे. 'घाशीराम कोतवाला'वर मात्र नियतीने निराळा सूड उगवला: १६ डिसेंबर १९७२ च्या प्रयोगात ज्या मानवी भिंतीने पुणे थक्क झाले, ती भिंत पुढे इतक्या एकांकिका स्पर्धांतून इतक्या महाविद्यालयांनी उभी केली की मूळ नाटक आपल्याच अनुकरणाचे अनुकरण वाटू लागले. सत्ता कोतवाल कसा घडवते आणि गरज सरल्यावर जमावाच्या स्वाधीन कसा करते, हे पाहायचे असेल तर ती भिंत काही काळ मोडून ठेवण्याचे धैर्य कोणी तरी केले पाहिजे.

माझ्यापुरते विचाराल तर पुढची पाळी खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'ची असावी. १९०९ चे हे गद्य नाटक. गवई लागत नाही, ऑर्गन लागत नाही, खर्चाचा मोठा बोजा आपोआप उतरतो. त्याची कीर्ती आहे ती रामशास्त्र्यांच्या बाणेदार न्यायदानासाठी, आणि तो प्रवेश शाळांच्या स्नेहसंमेलनांतून इतका झिजला आहे की त्याला टाळी पडेल, पण त्यापलीकडे काही होईल असे वाटत नाही. नारायणरावाच्या खुनाच्या आधीचा राघोबा मात्र अस्पर्शित आहे: स्वतः हात न भरवता काम व्हावे अशी इच्छा धरणारा, आज्ञा दिली की नाही हे स्वतःलाही न सांगणारा, आणि आनंदीबाईच्या खंबीरपणाच्या आड आपला दुबळेपणा लपवणारा माणूस. दिग्दर्शकाने कात्री घ्यावी ती रामशास्त्र्यांच्या भाषणावर, आणि वाचलेला वेळ राघोबाला द्यावा.